लुका पाचोलीची व्यक्तिचित्रे : हिशेबशास्त्राच्या इतिहासातील एक चित्ररूप पुरावा

जमाखर्चशास्त्राच्या इतिहासाची माहिती देणारे कोणतेही पुस्तक उघडले, तर त्यात एक चित्र बहुधा हटकून आढळते. करड्या रंगाचा झगा व त्याचीच टोपी धारण केलेला एक भिक्षू टेबलामागे उभा आहे. त्याच्यापुढे पाटी, ग्रंथ व भूमितीची उपकरणे मांडलेली आहेत. शेजारी उंची वस्त्रे ल्यालेला एक तरुण उभा आहे. चित्राखाली ‘द्विनोंदी पद्धतीचे जनक लुका पाचोली’ अशा अर्थाची ओळ असते. वाचक चित्राकडे क्षणभर पाहतो व पान उलटतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावयास हवे. कारण ह्या चित्रात जमाखर्चाची एकही वही नाही, नाणे नाही, तराजू नाही, व्यापारीही नाही. ज्या कारणासाठी हे चित्र आज जगभर छापले जाते, ते कारण चित्रकाराच्या व चित्र काढवून घेणाऱ्याच्या मनात होते काय, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे एका माणसाच्या कीर्तीचा हिशेब किती विलक्षण रीतीने लिहिला गेला, हे ध्यानात येते.

पाचोलीचे चरित्र येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. तस्कनी प्रांतातील बोर्गो सान्सेपोल्क्रो ह्या लहानशा गावी १४४५ ते १४४७ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. तारुण्यात तो व्हेनिस येथे आन्तोनियो रोम्पियासी नावाच्या व्यापाऱ्याच्या मुलांचा शिक्षक होता व त्या घरातच व्यापारी हिशेबाशी त्याचा निकट परिचय झाला. पुढे रोममध्ये तो लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती ह्या विख्यात वास्तुविशारदाच्या घरी काही काळ राहिला. १४७० नंतरच्या काही वर्षांत त्याने फ्रान्सिस्कन पंथाची दीक्षा घेतली आणि पेरुजा, झारा, नेपल्स, रोम अशा अनेक ठिकाणी गणिताचे अध्यापन केले. १४९६ पासून १४९९ पर्यंत तो मिलानच्या दरबारी होता. तेथे लिओनार्दो दा विंचीशी त्याची मैत्री जडली. १५१७ मध्ये तो मरण पावला. आयुष्यभर तो गणिताचा फिरता अध्यापक होता, हे एवढ्यावरून दिसून येईल. तो व्यापारी नव्हता, कोणत्याही पेढीचा कारकूनही नव्हता.

त्याचा मुख्य ग्रंथ ‘सुम्मा दे अरित्मेतिका’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. तो नोव्हेंबर १४९४ मध्ये व्हेनिसच्या पागानिनो दे पागानिनी ह्या मुद्रकाने छापला. ग्रंथ सहाशेहून अधिक पानांचा असून अंकगणित, बीजगणित, प्रमाण, व्यापारी गणित व भूमिती अशा सर्व विषयांचा त्यात संग्रह आहे. ह्या अवाढव्य संग्रहात जमाखर्चावरील प्रकरणाचा वाटा विसाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. ते छत्तीस लहान अध्यायांचे आहे. व्यापार सुरू करताना प्रथम आपल्या सर्व चीजवस्तूंची, येण्यादेण्यांची यादी करावी. नंतर तीन वह्या ठेवाव्यात, असे तो सांगतो. पहिली ‘मेमोरियाले’, म्हणजे आपली कच्ची टिपणवही. दुसरी ‘जोर्नाले’, म्हणजे रोजकीर्द. तिसरी ‘क्वादेर्नो’, म्हणजे खतावणी. प्रत्येक व्यवहार खतावणीत दोनदा यावा, एकदा नावे व एकदा जमा; आणि अखेर दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळाव्यात. व्यापाऱ्याच्या पहिल्या वह्यांवर क्रुसाचे चिन्ह काढावे असेही तो बजावतो. आपल्याकडील पेढीवाला वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून मगच पहिली रक्कम मांडतो, त्याला ह्या उपदेशात नवे काही वाटणार नाही.

ह्या प्रकरणाच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावयास हवी. पाचोली ही पद्धती आपण शोधून काढली असे कोठेही म्हणत नाही. व्हेनिसची रीत इतर रीतींपेक्षा अधिक प्रशंसनीय आहे, म्हणून आपण तीच अनुसरतो, असे तो उघडपणे सांगतो. आणि वस्तुस्थितीही तशीच होती. जेनोआ नगराच्या कारभाऱ्यांच्या १३४० च्या वह्यांत द्विनोंदी पद्धती पूर्णत्वाने वापरलेली आढळते. म्हणजे पाचोलीच्या जन्माआधी शंभर वर्षे ती रूढ होती. तिच्यावर लिहिणाराही तो पहिला नव्हे. रागुसा येथील बेनेदेत्तो कोत्रुल्यी ह्याने १४५८ मध्ये व्यापारावरील आपल्या ग्रंथात तिचे थोडक्यात विवेचन केले होते. मात्र तो ग्रंथ छापला गेला १५७३ मध्ये. पाचोलीचे श्रेय असे की, त्याने ही रीत सर्वप्रथम छापून प्रसिद्ध केली, व तीही लॅटिनऐवजी व्यापाऱ्यांना समजेल अशा देशी भाषेत. हे श्रेय लहान नाही. परंतु ‘जनक’ ह्या पदवीपासून ते बरेच दूर आहे.

आता चित्राकडे वळू. ते नेपल्स येथील कापोदिमोंते संग्रहालयात आहे. लाकडी फळीवर तैलरंगात काढलेले हे चित्र उंचीला सुमारे एक मीटर असून रुंदी उंचीहून थोडी अधिक आहे. टेबलावर हिरवे वस्त्र अंथरलेले आहे. प्रेक्षकाच्या डाव्या बाजूस लाकडी चौकटीची पाटी असून चौकटीच्या कडेवर ‘एउक्लिदेस’ म्हणजे युक्लिड हे नाव लॅटिन अक्षरांत कोरलेले आहे. पाटीवर वर्तुळात त्रिकोण काढलेला आहे आणि भिक्षूच्या उजव्या हातातील शलाका त्या आकृतीवर टेकलेली आहे. त्याचा डावा हात उघड्या ग्रंथाच्या पानावर आहे. हा ग्रंथ म्हणजे युक्लिडच्या ‘मूलतत्त्वां’ची लॅटिन प्रत असून ती व्हेनिस येथे १४८२ मध्ये राटडोल्ट ह्या मुद्रकाने छापलेली पहिली आवृत्ती असावी, असे तज्ज्ञांचे मत आहे. उघडलेले पान तेराव्या खंडातील आहे. वर्तुळात समभुज त्रिकोण काढला असता त्याच्या बाजूवरील चौरस त्रिज्येवरील चौरसाच्या तिप्पट असतो, ह्या सिद्धान्ताशी पाटीवरील आकृती जुळते. सुसम घनांची रचना हाच तेराव्या खंडाचा विषय होय, आणि हा सिद्धान्त त्या रचनेच्या वाटेवरील एक पायरी आहे. म्हणजे चित्रकाराने शोभेसाठी कशातरी रेघा ओढलेल्या नाहीत. त्याला कोणीतरी नेमके काय काढावयाचे हे सांगितलेले होते.

पाटीच्या कडेला तीन संख्यांची एक बेरीजही मांडलेली दिसते. संपूर्ण चित्रात आकडेमोडीची खूण म्हणून काय ती एवढीच. तीही भूमितीच्या आकृतीशेजारी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी. हिशेबाच्या इतिहासकाराने ह्या बेरजेवर हक्क सांगावयाचा तर सांगावा. परंतु तेवढ्या आधारावर सगळे चित्र आपल्या पदरात पाडून घेणे धाडसाचे होईल.

टेबलावर कंपास, काटकोन्या, लेखणीची डबी अशा वस्तू आहेत. डाव्या बाजूस वर, छतापासून दोऱ्याने टांगलेला काचेचा एक घन आहे. त्याला सव्वीस पृष्ठे असून त्यांपैकी अठरा चौरस व आठ त्रिकोण आहेत. हा घन निम्म्यापर्यंत पाण्याने भरलेला आहे आणि त्याच्या पृष्ठांवर बाहेरील इमारतीचे प्रतिबिंब पडलेले आहे. काच, पाणी व प्रकाश ह्यांचे तीन प्रकारचे व्यवहार एकाच वस्तूत दाखविण्याचे हे काम इतके अवघड आहे की, चित्रातील दोन्ही मानवी चेहरे त्यापुढे काहीसे कोरडे वाटतात. उजव्या बाजूस लाल बांधणीचा जाड ग्रंथ मिटलेला ठेवला आहे. त्याच्या कडेवर ‘लि. र. लुक. बुर.’ अशी आद्याक्षरे असून ‘बोर्गोच्या पूज्य लुकाचा ग्रंथ’ असा त्यांचा अर्थ लावला जातो. तो ग्रंथ म्हणजे नुकताच छापला गेलेला ‘सुम्मा’च होय, हे जवळजवळ सर्वमान्य आहे. त्या ग्रंथावर लाकडाचा द्वादशफलक, म्हणजे बारा पंचकोनी पृष्ठांचा सुसम घन, ठेवलेला आहे.

ह्या मांडणीतील क्रम पाहण्यासारखा आहे. युक्लिड उघडा आहे, पाचोली मिटलेला आहे. आणि मिटलेल्या ग्रंथाचे सार म्हणून त्यावर जी वस्तू ठेवली आहे ती वही नसून द्वादशफलक आहे. जमाखर्चाचे छत्तीस अध्याय त्या लाल पुठ्ठ्याच्या आत कोठेतरी आहेत. चित्रकाराने त्यांच्यावर भूमितीचे वजन ठेवले आहे. शिवाय चित्रातील सर्व लेखन लॅटिनमध्ये आहे. देशी भाषेत लिहिलेल्या ग्रंथाच्या कर्त्याला लॅटिन युक्लिडवर हात ठेवून, लॅटिन नामाभिधानासह उभे करण्यात आले आहे. ज्या व्हेनेशियन व्यापाऱ्यांसाठी तो रोजकीर्द व खतावणी समजावून सांगत होता त्यांच्यासाठी हे चित्र नव्हते, हे ह्यावरून उघड होते.

मग ते कोणासाठी होते? येथे शेजारच्या तरुणाचा विचार येतो. त्याने फर लावलेला झगा घातला आहे, हातात मोजा आहे, आणि तो ना पाटीकडे पाहतो ना ग्रंथाकडे. तो थेट प्रेक्षकाकडे पाहतो. गुरूची दृष्टी मात्र समोरच्या अवकाशात कोठेतरी लागलेली आहे. शिकविणारा व शिकणारा एकमेकांकडे पाहत नाहीत असे अध्यापनाचे चित्र विरळाच. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते हा तरुण उर्बिनोचा ड्यूक ग्विदोबाल्दो दा मोंतेफेल्त्रो होय. त्याचा जन्म १४७२ चा, म्हणजे चित्रावरील तारखेच्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता, आणि ‘सुम्मा’ ग्रंथ त्यालाच अर्पण केलेला आहे. चित्रात राजचिन्ह नाही, हा ह्या मताविरुद्धचा आक्षेप. त्यामुळे काहींनी तो तरुण म्हणजे स्वतः चित्रकार असावा असे म्हटले, तर काहींनी १४९४-९५ च्या सुमारास व्हेनिसला आलेला जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर ह्याचे नाव पुढे केले. ड्यूररची कल्पना मोहक आहे खरी. पण मोहक कल्पनांपासून दोन हात दूर राहणे इतिहासकाराला हितकर असते. उर्बिनोचाच विद्वान बेर्नार्दिनो बाल्दी ह्याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या पाचोलीच्या चरित्रात, ड्यूकच्या वस्तुभांडारात पाचोलीचे चित्र आपण पाहिल्याचे नमूद केले आहे. ग्रंथ उर्बिनोला अर्पण, चित्र उर्बिनोच्या भांडारात. एवढ्यावरून तरुण कोणीही असो, चित्राचा रोख उर्बिनोच्या दरबाराकडे होता असे मानण्यास प्रस्तुत लेखकास अडचण दिसत नाही.

बाल्दीने ते चित्र पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचे म्हणून सांगितले. हे मात्र स्वीकारता येत नाही. पिएरो १४९२ मध्ये निवर्तला. १४९४ मध्ये छापलेला ग्रंथ त्याच्या चित्रात कसा येणार? कापोदिमोंतेच्या चित्रावर तर कागदाच्या चिटोऱ्याच्या आकारात स्वाक्षरीच आहे : ‘याको. बार. विगेन्निस पी. १४९५’. त्या चिटोऱ्यावर एक माशी बसलेली काढली आहे, ती खरी समजून प्रेक्षकाने हाकलावी अशा बेताने. ‘याको. बार.’ म्हणजे व्हेनिसचा याकोपो दे बार्बारी, हा नेहमीचा अर्थ. ह्याच बार्बारीने व्हेनिस नगराचे विहंगम दृश्य १५०० मध्ये लाकडी ठशांवरून छापले व त्यामुळे त्याचे नाव अजरामर झाले. पण ‘विगेन्निस’ ह्याचा अर्थ ‘वीस वर्षांचा’ असा होतो. नेदर्लंड्सच्या राज्यपालपदी असलेल्या मार्गारेट हिने १५११-१२ च्या सुमारास बार्बारीला त्याचे वार्धक्य व अशक्तपणा ध्यानी घेऊन वर्षासन दिले. १४९५ मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस तेव्हा सदतिशीत असणार. त्याला कोणी वृद्ध म्हणणार नाही. म्हणून पुष्कळ अभ्यासक हे चित्र बार्बारीचे मानण्यास तयार नाहीत, आणि ह्या गणिताला समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. गणितज्ञाच्या चित्रात वयाची वजाबाकी जुळू नये, ही गंमतच म्हणावयाची.

पाचोलीची म्हणून सांगितली जाणारी आणखी दोन चित्रे आहेत. त्यांतील एक वादग्रस्त व दुसरे दुर्लक्षित. मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचे एक भव्य वेदिचित्र आहे. मध्ये कुमारी मारिया, तिच्यापुढे चिलखत घालून गुडघे टेकलेला ग्विदोबाल्दोचा पिता फेदेरिको, मागे संतांची रांग, आणि वर शिंपल्याच्या कमानीतून टांगलेले एक अंडे, अशी त्याची रचना आहे. १४७२ ते १४७४ च्या सुमारास ते काढले गेले. संतांपैकी पीटर मार्टिर ह्याचा चेहरा पाचोलीचा आहे, असे दीर्घकाळ सांगितले जाते. ह्याला लेखी आधार नाही. केवळ चेहऱ्यातील साम्य आहे. शिवाय पीटर मार्टिर हा डोमिनिकन पंथाचा संत. त्याच चित्रात संत फ्रान्सिस आणि सिएनाचा बेर्नार्दिनो असे दोन फ्रान्सिस्कन संत उभे आहेत. गावबंधू फ्रान्सिस्कनाला अमर करावयाचे असते तर पिएरोने त्याला त्यांच्यापैकी एकाचा चेहरा दिला असता, प्रतिस्पर्धी पंथाच्या झग्यात उभे केले नसते. पाचोलीचे वय तेव्हा फार तर एकोणतीस होते, हेही विसरता येत नाही. ह्या ओळखीवर कोणताही सिद्धान्त उभारू नये, असे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

दुसरे चित्र खुद्द ‘सुम्मा’तच आहे. ग्रंथाच्या आरंभीच्या मोठ्या ‘एल्’ ह्या अक्षराच्या पोटात फ्रान्सिस्कन झग्यातील भिक्षू, उघडा ग्रंथ व कंपास दाखविलेला आहे, आणि हे लाकडी ठशाचे अक्षर पुढेही ग्रंथात पुन्हा येते. लुका नावाचे आद्याक्षरही तेच. चेहरा ठोकळेबाज आहे, त्यावरून माणूस ओळखता येणार नाही. तरीही ग्रंथकाराच्या देखरेखीखाली छापलेली ही त्याची प्रतिमा असल्याने पुरावा म्हणून तिचे मोल नेपल्सच्या चित्राहून कमी समजू नये. आणि ती तरी काय सांगते? कंपास व ग्रंथ. व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथातही कर्त्याने स्वतःला भूमितिज्ञ म्हणूनच दाखविले.

त्याने असे का केले असावे, हे समजण्यासाठी त्या काळी पैशाच्या हिशेबाकडे चित्रकला कोणत्या दृष्टीने पाहत होती हे पाहणे उपयुक्त ठरेल. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात क्वेन्टिन मास्सिस ह्याचे १५१४ चे एक चित्र आहे. त्यात सराफ नाणी तोलत बसला आहे आणि शेजारी त्याची पत्नी हातातील प्रार्थनाग्रंथाचे पान अर्धवट उलटून नाण्यांकडे पाहते आहे. पैसा मोजणाऱ्याच्या चित्रात पापाची शंका अशी हळूच डोकावत असे. भूमितीला तो कलंक नव्हता. प्लेटोच्या मते सुसम घन हे विश्वाच्या रचनेचे घटक, आणि द्वादशफलक हे तर साक्षात् ब्रह्मांडाचे प्रतीक. दरबारात मान मिळवू पाहणाऱ्या एका गरीब घरच्या भिक्षूने कोणती वस्तू हाती धरावी हे सांगावयास नको.

पण ह्याच ठिकाणी प्रकरण अवघड होते. ते द्वादशफलक आणि तो सव्वीस पृष्ठांचा घन ह्यांवर पाचोलीचा अधिकार कितपत होता? सुसम घनांवर पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने लॅटिनमध्ये एक स्वतंत्र निबंध लिहिला होता, आणि तो अर्पण केला होता ह्याच ग्विदोबाल्दोला. आपल्या दृश्यभूमितीवरील ग्रंथाशेजारी ड्यूकच्या ग्रंथालयात त्याला जागा मिळावी, अशी इच्छा त्या वृद्ध चित्रकाराने व्यक्त केली होती. पाचोली त्याच गावचा. पिएरोचे लेखन त्याला अवगत होते. ‘सुम्मा’त तो पिएरोला आमच्या काळातील चित्रकलेचा सम्राट म्हणून गौरवितो, परंतु त्याच ग्रंथाच्या भूमितीच्या भागात पिएरोची उदाहरणे ऋणनिर्देशाशिवाय आलेली आहेत. १५०९ मध्ये छापलेल्या ‘दिव्य प्रमाण’ ह्या ग्रंथात तर त्याने त्या निबंधाचे देशी भाषेतील रूपांतर तिसरा भाग म्हणून जोडले आणि मूळ कर्त्याचे नाव त्यावर घातले नाही. वासारीने १५५० मध्ये आपल्या चित्रकार-चरित्रांत हा चोरीचा आरोप तिखट शब्दांत केला. पाचोलीच्या कैवाऱ्यांनी त्याला वासारीचा खोडसाळपणा म्हणून पुष्कळ काळ उडवून लावले. परंतु पिएरोच्या निबंधाचे हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सापडले, ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात छापले गेले, आणि दोन्ही संहिता शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय झाल्यावर मूळ आक्षेप मान्य करण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

त्या काळच्या गणिती ग्रंथांत पूर्वसूरींचे साहित्य उचलण्याची सर्रास चाल होती, असा बचाव केला जातो, व त्यात तथ्य आहे. ‘सुम्मा’च्या आरंभी पाचोलीने युक्लिड, बोएथियस, पिसाचा लिओनार्दो अशा आपल्या आधारभूत लेखकांची नावे दिलेलीही आहेत. शिवाय घनांच्या बाबतीत त्याचे स्वतःचे कर्तृत्व मुळीच नव्हते असेही नाही. तो काच व लाकूड ह्यांच्या प्रतिकृती तयार करवून घेत असे. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी फ्लॉरेन्सच्या शासनाने असा एक संच विकत घेऊन त्याचे पैसे चुकते केल्याची नोंद सरकारी दप्तरात आहे. ‘दिव्य प्रमाणा’तील घनांच्या आकृती त्याने लिओनार्दोकडून काढवून घेतल्या, आणि तेथे मात्र लिओनार्दोचे नाव मोठ्या अभिमानाने सांगितले. तरी १४९५ च्या चित्राकडे हे सर्व जाणून पाहिले की, लाल ग्रंथावरील द्वादशफलक निराळाच दिसू लागतो. ज्या दरबाराला पिएरोचा निबंध भेट मिळालेला होता, त्याच दरबाराच्या नजरेसाठी, पिएरोच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, ‘लुकाचा ग्रंथ’ ह्या शब्दांवर तो घन ठेवण्यात आला. ती एक प्रकारची खातेबदलीच होती. चित्रकाराला तिचे मर्म ठाऊक असेल असे नव्हे. ज्याने मांडणी सुचविली त्याला ते ठाऊक होते.

अशा रीतीने पाचोलीच्या कीर्तीची दोन खाती पडतात. भूमितीच्या खात्यात त्याने स्वतःच्या नावे मोठी रक्कम जमा करून घेतली, आणि पुढील पिढ्यांनी तिच्यातील बरीचशी पिएरोच्या खात्यावर परत फिरविली. जमाखर्चाच्या खात्यात त्याने काहीच मागितले नाही, ‘ही व्हेनिसची रीत’ म्हणून सारे मूळ धन्याच्या नावे लिहिले. आणि तेथे जगाने त्याला जनकत्व बहाल केले. दुसऱ्या खात्यातील ही चूक पहिल्या खात्यातील चित्र दाखवून सिद्ध केली जाते, हे तर अधिकच आश्चर्याचे.

हिशेबनिसाचे खरेखुरे चित्र त्या काळी निघूच शकत नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. आउग्सबुर्ग येथील याकोब फुग्गर ह्या धनाढ्य पेढीवाल्याचा मुख्य हिशेबनीस माथेउस श्वार्त्स ह्याने तरुणपणी इटलीत जाऊन व्हेनिस येथे द्विनोंदी पद्धती शिकून घेतली व १५१८ मध्ये तिच्यावर एक टिपणग्रंथही लिहिला. १५२० पासून त्याने आपल्या आयुष्यातील वेगवेगळ्या पोशाखांची चित्रे काढवून एक पुस्तक सिद्ध केले. ते जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे जपून ठेवलेले आहे. त्यातील १५१७ च्या सुमाराचे एक चित्र प्रसिद्ध आहे. श्वार्त्स टेबलाशी बसून वहीत लिहितो आहे, मालक फुग्गर शेजारी उभा आहे, आणि मागच्या कपाटाच्या कप्प्यांवर रोम, व्हेनिस, क्राकाव, मिलान, नुरेम्बर्ग, लिस्बन अशी शहरांची नावे लिहिलेली आहेत. लिस्बनच्या त्या कप्प्याशी आपलाही थोडा संबंध पोहोचतो, कारण १५०५ मध्ये आल्मेइदाच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमारात फुग्गरांचा पैसा गुंतलेला होता. ह्या चित्रात घन नाहीत, युक्लिड नाही. वही उघडी आहे. हिशेबशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांना आपल्या व्यवसायाचे चित्र हवे असेल तर ते हे. परंतु श्वार्त्स हा पगारी नोकर, त्याचा ग्रंथ हस्तलिखितच राहिला, आणि नोकराला कोणी शास्त्राचा जनक म्हणत नाही.

पाचोलीला ते स्थान मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. तोपर्यंत तो जवळजवळ विस्मृतीत गेला होता. मिलानच्या हिशेबनिसांच्या अकादमीत १८६९ मध्ये लुक्किनी नावाच्या प्राध्यापकाने त्याच्या ग्रंथावर व्याख्यान दिले, आणि त्यानंतर इटलीत व हळूहळू इतर देशांत त्याच्या नावाचा गाजावाजा सुरू झाला. हा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. इटलीचे राष्ट्रीय एकीकरण नुकतेच होत होते, आणि हिशेबनीस हा वर्ग स्वतःला वकील व वैद्य ह्यांच्या बरोबरीचा विद्वान व्यवसाय म्हणून मान्यता मिळविण्याच्या खटपटीत होता. अशा वर्गाला कुळपुरुष लागतो. आणि तो जर लिओनार्दोचा मित्र, ड्यूकचा गुरू व संन्यासी असेल, तर सोन्याहून पिवळे. सान्सेपोल्क्रो येथे १८७८ मध्ये कामगारांच्या एका संस्थेच्या पुढाकाराने त्याच्या नावाची शिला बसविण्यात आली. तीनशे सत्तर वर्षांच्या विस्मरणाची लाज वाटून हे स्मारक उभारीत असल्याचे तीवर नमूद असून, द्विनोंदी पद्धती त्याने शोधून काढली असे विधानही तीत आहे. पिएरोच्याच गावातील ह्या शिलेवर पाचोलीचे मित्र म्हणून लिओनार्दो व आल्बेर्ती ह्यांची नावे कोरली गेली.

‘सुम्मा’च्या पंचशताब्दीनिमित्त १९९४ मध्ये इटलीने पाचशे लिरांचे एक स्मारकनाणे आणि एक टपालतिकीट काढले. दोहोंवर पाचोलीची प्रतिमा आहे. ज्या चित्रात कटाक्षाने एकही नाणे येऊ दिले नव्हते, त्या चित्रातील भिक्षू अशा रीतीने अखेर चलनात आला. त्यानंतर काही वर्षांतच, २००२ मध्ये, लिरा हे नाणेच इटलीच्या व्यवहारातून निघून गेले.